पेड्रोयाच्या कॉलेजची मॅच

आज संध्याकाळी फिनिक्सला ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीची बेसबॉल मॅच बघितली. माझी नजर बॅटिंगपेक्षा शॉर्टस्टॉपवरच. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. इथे सरपटत आलेला चेंडू ग्लोव्हमध्ये घेऊन हातात काढायचा आणि पहिल्या बेसला फेकायचा, सगळं एका दमात. आजच्या पोराने एक चेंडू तर धावता धावता, अंगाचा तोल जाताना फेकला. आख्खं स्टँड उभं राहिलं!

याच कॉलेजकडून डस्टिन पेड्रोया शॉर्टस्टॉप खेळायचा. कॅलिफोर्नियातल्या वुडलंडचा, आईवडिलांचं टायरचं दुकान. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, तीही कागदावर. कॉलेजच्या तिन्ही सीझनमध्ये त्याची बॅटिंगची सरासरी .347 च्या (म्हणजे हजार प्रयत्नांत 347 हिट्सच्या) खाली कधी आली नाही. पण मला सगळ्यात भावते ती वेगळीच गोष्ट: टीमला चांगले पिचर (बॅट्समनला चेंडू टाकणारे) घेता यावेत म्हणून या पठ्ठ्याने स्वतःची स्कॉलरशिप सोडली होती. कॉलेजातल्या पोराने! 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, 65 वा नंबर, मग बॉस्टन रेड सॉक्स संघात सेकंड बेसची जागा, 2007 ला रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू), 2008 ला थेट एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू.

बुटक्या पोरांना पहिल्याच ट्रायलला घरी पाठवणाऱ्या कोचनी त्याचे जुने व्हिडिओ जरूर बघावेत.