डीएमसाठीच्या सल्ल्यांची वही: या खेपेला काय ठेवलं, काय खोडलं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सारख्या रोल-प्लेइंग खेळात खेळ चालवणारा तो डीएम, त्याच्यासाठीच्या सल्ल्यांची ही वही. जुनी कसोटी कायम आहे. कोणत्या क्षणी, कोणी, काय करायचं हे सल्ल्यात सापडलं नाही तर तो वहीत येत नाही. "लवचीक राहा", "प्लेयर्सचं ऐका" यात चूक काही नाही, पण चौघं जण तुमच्या तोंडाकडे बघत बसलेले असताना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. या खेपेला दुसरी कसोटी जोडली: सल्ला मुळात कुठल्या खेळासाठी होता?

वँडरिंग मॉन्स्टर (भटकत अचानक समोर येणारे शत्रू): अटीसह ठेवला. १९८१ च्या डी अँड डी बेसिकमध्ये डन्जनमध्ये (भुयारी चक्रव्यूहात) दर दोन टर्नना, म्हणजे खेळातल्या २० मिनिटांनी, डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकायचा. १ पडला की काहीतरी समोर येतं. हा सल्ला आजही जसाच्या तसा फिरतो आणि डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत लावला की सेशन (खेळाची बैठक) रेंगाळतं. कारण एक्सपीत (पात्राची लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांत) आहे. जुन्या खेळात गॉब्लिन (किरकोळ राक्षस) मारल्याचे ५ एक्सपी आणि फायटरला (लढवय्या पात्राला) दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात, म्हणजे माणशी ४०० गॉब्लिन! खरी कमाई खजिन्याची, सोन्याच्या एका नाण्याला १ एक्सपी. त्यामुळे वाटेत आडवं आलेलं काहीही निव्वळ तोटा, आणि प्लेयर आपसूकच आवाज न करता, वेळ न दवडता पुढे सरकतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनचे ५०, दुसरी लेव्हल ३०० ला. माणशी सहा गॉब्लिनमध्ये काम झालं. इथे वँडरिंग मॉन्स्टर म्हणजे घरपोच कमाई, वर एक लाँग रेस्ट (आठ तासांची विश्रांती) घेतली की हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) पुन्हा पूर्ण. तिथे हा सल्ला वापरायचाच तर लेव्हल माइलस्टोनवर न्या (एक्सपी न मोजता कथेतला टप्पा गाठल्यावर द्या) आणि मोहिमेला उघड मुदत द्या: ओलीस तिसऱ्या रात्री मारला जाणार, हे पहिल्याच सेशनला सांगून टाका. मुदत नसेल तर डी६ टाकूच नका.

मोराल (शत्रूचं मनोधैर्य): बिनशर्त ठेवला. तोही १९८१ चाच. शत्रूंपैकी पहिला पडल्यावर आणि नंतर निम्मे पडल्यावर २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) टाकायचे. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचं मोराल ७, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा (सुमारे ४२ टक्के) ते पहिल्याच मृत्यूला कच खातात. राजा हजर असेल तर ९, आणि शक्यता उतरते १७ टक्क्यांवर. हा फरक एकदा टेबलाला कळला की आधी राजाला गाठायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. पाचव्या आवृत्तीत मोरालचा आकडा छापलेला नसतो, २०१४ च्या पर्यायी नियमात डीसी १० ची विज्डम सेव्ह आहे (शत्रूच्या विज्डमवर फासा टाकून डीसी, म्हणजे किमान १०, गाठायचे). त्यापेक्षा स्टॅट ब्लॉकच्या (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीच्या) कडेला पेन्सिलने ६ ते १० मधला आकडा लिहिणं सोपं पडतं.

घोळ होतो तो पळण्यात. प्लेयर पाठलाग करतात आणि लढाईत वाचवलेला वेळ तिथेच जातो. म्हणून शत्रू कुठे पळणार आणि पळताना काय टाकून जाणार, हे आधीच एका ओळीत लिहून ठेवा. निंबल एस्केप या अंगच्या गुणामुळे पाचव्या आवृत्तीतला गॉब्लिन बोनस अ‍ॅक्शनमध्ये (त्याच पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) डिसएंगेज करून, म्हणजे वार न खाता, सटकतो. ऑर्क या दांडग्या राक्षसाला ती सोय नाही, डिसएंगेजवर पूर्ण अ‍ॅक्शन खर्च केली नाही तर पाठ फिरवताच ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर फुकटचा वार) ओढवतो. त्याला शरण आणलेलं जास्त पटतं.

तीन धाग्यांचा (क्लूंचा) नियम: ठेवला, पण नेमका वाचा. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला हा नियम बहुतेक जण अर्धाच लक्षात ठेवतात. तीन धागे अख्ख्या रहस्याला मिळून नाहीत, प्रत्येक निष्कर्षाला तीन. एक धागा हाती लागून कळण्याची शक्यता निम्मी धरली, तर तिन्ही हुकण्याची १/८ राहते. पण हा हिशोब धागे एकमेकांपासून सुटे असतील तरच खरा. समजा निष्कर्ष आहे "विष गिरणीवाल्याने कालवलं". कोठारातलं रिकामं पोतं, वैद्याच्या चोपडीतली उधारी आणि रात्री गाडी पाहिलेली गुराखीण, हे खरोखर तीन. तिन्ही कोठारातच, एका डीसी १५ च्या इन्व्हेस्टिगेशनमागे (शोधाच्या एकाच रोलमागे) ठेवलेत तर धागा एकच, फक्त सजवलेला. शिवाय तिन्ही धाग्यांतला एक विनाफासा मिळालाच पाहिजे. गुराखीण विचारल्याबरोबर सांगते, विषय संपला.

खोडलेले. "प्रत्येक एनपीसीला (डीएम चालवतो त्या पात्राला) वेगळा आवाज द्या." तिसऱ्या एनपीसीपाशी सगळ्यांचे आवाज सारखे होतात. त्याऐवजी नाव आणि त्याला आत्ता काय हवंय, एवढं लिहा. पानभर पूर्वेतिहासही गेला, तो टेबलावर कोणी वाचत नाही.

अजून टांगलेलं. ब्लेड्स इन द डार्क या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळातली ४, ६ आणि ८ घरांची घड्याळं (घरं भरत गेली की संकट किंवा काम पुढे सरकतं अशी कागदावरची वर्तुळं). त्या खेळात ती चोख चालतात, कारण तिथे जवळपास प्रत्येक रोलला घड्याळ पुढे सरकवायची संधी मिळते. डी२० च्या (वीस बाजूंच्या फाशावर चालणाऱ्या, डी अँड डीसारख्या) खेळात घर नेमकं कधी भरायचं हेच ठरत नाही आणि घड्याळ कागदावर तसंच पडून राहतं. सध्या चाचणीला लावलेला नियम असा: ६ घरं, प्रत्येक शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) १, लाँग रेस्टला २, घर भरताना टेबलासमोरच रंगवायचं आणि त्याच वेळी गावात दिसेल असं काहीतरी घडवायचं. ८ घरांचं घड्याळ याच वेगाने फार लांबतं का, हे पुढच्या खेपेला.