मिरकरवाड्याच्या जेटीवरचा स्प्रिंट रिव्ह्यू

आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमच्या मासळी लिलावाच्या ॲपचा स्प्रिंट रिव्ह्यू (कामाच्या एका छोट्या टप्प्यात जे तयार झाले ते दाखवून मते घेण्याची बैठक) झाला आणि त्याला नौकामालक, तांडेल (नौकेचे प्रमुख) व मासळी घेणाऱ्या ताई आवर्जून आल्या. व्यवसायातील माणसांनी आणि विकसकांनी प्रकल्पभर रोज एकत्र काम करावे, असे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवण्याच्या पद्धतीच्या, म्हणजे ॲजाइलच्या, २००१ च्या जाहीरनाम्यातील १२ तत्त्वांपैकी एक सांगते. तरीही अनेक ठिकाणी वापरणाऱ्यांना केवळ आरंभी आणि शेवटी विचारले जाते, हे मला मनापासून खटकते. एका ताईंनी स्क्रीन पाहताच विचारले, "वजनाचा रकाना आहे, पण आम्ही बोली टोपलीवर लावतो, ती कुठे लिहायची?" ॲपमध्ये काय आधी करायचे हे ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरने ती गरज तेथेच बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, सर्वांत वर घेतली. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत तांडेलांना निवांत वेळ असतो, म्हणून सविस्तर चर्चा तेव्हा आणि प्रत्यक्ष चाचणी ऑगस्टमध्ये, चालू लिलावातच घ्यायची, असे ठरले.