बिनकामाची सिस्टीम

घरात २०११ सालचा एक लॅपटॉप आहे. कोअर आय थ्री, चार जीबी रॅम, बॅटरी कधीचीच मेलीये त्यामुळे चार्जर निघाला की खेळ खलास, आणि एका बटणाचं प्लॅस्टिक उडून गेलंय तिथे नुसतं रबराचं टोक दाबायचं. विंडोज ११ याला मिळणार नाही कारण टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीत बसत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ऑफिशियली हा आता भंगारात जमा. नवरा म्हणाला देऊन टाक, हजार-दीड हजार येतील. (भंगारवाल्याने एवढे दिले असते असं मला अजिबात वाटत नाही.) मी त्यावर विंडोजच्या जागी हायकू नावाची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली.

हे लिनक्स नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण कॉम्प्युटरवाला कुणी भेटला की तो "अच्छा, लिनक्स" म्हणतो आणि विषय संपवतो. त्याचं असं झालं की जाँ-लुई गासे नावाचा फ्रेंच माणूस ऍपलमधून बाहेर पडला आणि त्याने बी नावाची कंपनी काढली, तिची सिस्टीम म्हणजे बीओएस. १९९६ मधे ऍपलला स्वतःची म्हातारी झालेली सिस्टीम बदलायची होती, बीओएस घ्यायची बोलणी चालू झाली, पैशावर गाडी अडली आणि ऍपलने त्याऐवजी स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट कंपनी घेतली, तिच्याबरोबर तो परत आला, पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मागे राहिली ती बी. २००१ मधे ती एक कोटी दहा लाख डॉलरला पाम कंपनीने घेतली आणि बीओएस संपली. पण वापरणारे असले हट्टी की त्याच वर्षी काहीजणांनी ठरवलं, आपण हीच सिस्टीम पहिल्यापासून नव्याने लिहू. तीच ही हायकू. ते अजून लिहितायत. बहुतेक सगळे नोकरीधंदा सांभाळून, उरलेल्या वेळात. पहिली अल्फा, म्हणजे अगदी कच्ची आवृत्ती, २००९ मधे, पहिला बीटा, म्हणजे अजून चाचणीतलीच पण जरा पिकलेली, २०१८ मधे, आणि मी टाकला तो पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ चा. एवढ्या काळात तर आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स डीडसुद्धा झालं.

बाकी टाकणं सोपं. पेनड्राईव्हवर चढवायचं, त्यावरूनच चालू करून बघायचं, आवडलं तर इन्स्टॉल. स्क्रीनवर एका ओळीत आयकॉन असतात ते एकेक करून उजळत जातात, शेवटचा उजळला की आलाच डेस्कटॉप. मधे पासवर्ड नाही, अकाउंट काढा नाही, ईमेल द्या नाही, तुमचा अनुभव चांगला व्हावा म्हणून आम्ही अमुक गोळा करू का असलं काही नाही. कमीत कमी ३८४ एमबी रॅम लागते म्हणे, त्या हिशोबाने आमचे चार जीबी म्हणजे ऐसपैस वाडाच झाला. खिडक्यांना वर पिवळ्या पट्ट्या, त्यासुद्धा पूर्ण रुंदीच्या नाहीत, नाव मावेल एवढ्याच.

याचा कोड लिहिणाऱ्यांसाठी एक फंक्शन आहे, इज कॉम्प्युटर ऑन, म्हणजे कॉम्प्युटर चालू आहे का. चालू असेल तर उत्तर १ येतं. बंद असेल तर काय उत्तर येईल ते सांगता येत नाही, असं बीओएसच्या अधिकृत माहितीत सरळ चेहऱ्याने लिहिलं होतं. त्याचं एक भावंड पण आहे, इज कॉम्प्युटर ऑन फायर, म्हणजे कॉम्प्युटरला आग लागलीये का. हे विनोद बीओएसच्या काळातले, आणि नव्याने लिहिणाऱ्यांनी तेही जसेच्या तसे ठेवले. मला हे वाचूनच सिस्टीम आवडली होती खरं तर, टाकली नंतर.

पण मी अडकले ते त्यातल्या फायलींमधे. म्हणजे कसं, आपल्याकडे फाईल म्हटलं की नाव, तारीख, साईझ, झालं. इथे फायलीला हवी ती माहिती चिकटवता येते आणि ती फोल्डरमधे रकान्यांत दिसते, गाण्याची फाईल असेल तर गायक, अल्बम, साल, आणि तिथल्या तिथे क्लिक करून बदलताही येते, वेगळा प्रोग्रॅम उघडायला नको. मग सगळ्या डिस्कवर शोध लावायचा, गायक अमुक, साल तमुकच्या आधीचं, आणि तो शोध सेव्ह करून ठेवायचा, उघडून ठेवला आणि तिकडे कुठल्या तरी कोपऱ्यातल्या फोल्डरमधे नवी फाईल आली की इकडे यादीत आपोआप हजर. हे नव्वदच्या दशकात केलेलं आहे! ज्या डॉमिनिक जियामपाओलोने ही फाईल सिस्टीम बांधली तो पुढे ऍपलमधे गेला आणि तिथे स्पॉटलाईटवर, म्हणजे मॅकमधल्या शोधाच्या सोयीवर, काम केलं, त्यामुळे मॅकवाल्यांना यातलं थोडंफार ओळखीचं वाटेल.

तर माझ्याकडे कुणाकुणाच्या सीड्यांवरून उतरवलेल्या एमपीथ्रींचा ढीग आहे, निम्म्यांचं नाव ट्रॅक ०१, किशोरीताई आमोणकरांच्या नावाचं प्रत्येक फायलीत निराळं स्पेलिंग, आणि कुमारजींच्या एका रागाखाली गायक म्हणून रिपिंग सॉफ्टवेअरचं नाव. तो ढीग मी या लॅपटॉपवर आणला आणि संध्याकाळी स्वयंपाक आटपला की एकेक रकाना नीट करत बसते. त्याची कुणालाही गरज नाही, हीच गाणी मोबाईलवर दोन टिचक्यांत मिळतात हे मलाही कळतं. सासूबाई येताजाता बघतात. परवा विचारलं, "बिघडलाय का गं?" त्यांच्या मते बाई लॅपटॉपसमोर बसलीये आणि कपाळावर आठी नाही म्हणजे एकतर तो बिघडलाय नाहीतर सेल लागलाय.

यात काय होत नाही ते विचारू नका, मोठी यादी आहे. झाकण मिटलं म्हणून लॅपटॉप झोपत नाही, ती सोयच अजून नाही. ग्राफिक्स कार्डाचा वेग वापरता येत नाही, सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढतो. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अडखळला तर पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत कर्नल डिबगिंग लँडमधे स्वागत आहे असं येतं, तिथे रीबूट टाईप करायचं आणि बाहेर पडायचं, निदान स्वागत तरी करतात. ब्राउझर आहे, लिब्रेऑफिसही मिळतं, पण टीम्स नाही, ऑफिसचं व्हीपीएन नाही. आणि इथेच तर सगळी मजा आहे ना, कारण दुसऱ्या लॅपटॉपवर मी फोटो लावायला बसले तरी कोपऱ्यात काहीतरी टिंग वाजतं आणि मी कुणाची तरी एक्सेल उघडून बसलेली असते, इथे मला कुणी बोलावूच शकत नाही. उद्या यांनी सगळं नीट केलं, सगळी ऍप्स आणली, तर मी खूष होईन का याची मला शंका आहे. बीटाच राहू दे बाई, असं कधीकधी मनात येतं, आणि मग त्या उरलेल्या वेळात काम करणाऱ्यांची आठवण होऊन जरा ओशाळायलाही होतं.

रविवारी भाचा आला होता, अकरावीतला. त्याला डेमोंमधली चहाची किटली दाखवली, ती नुसती गोल फिरते आणि सेकंदाला किती चित्रं काढली तो आकडा दाखवते. "मावशी, हे काय आहे? गेम आहे?" म्हटलं नाही, किटली आहे. मग पल्स नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडला, त्यात प्रोसेसरचा एकेक कोअर बंद करता येतो. त्याने एक बंद केला, किटली मंदावली. चालू केला, पळाली. परत बंद. सगळेच बंद केले तर, असं विचारलंन, तर म्हटलं करून बघ, शेवटचा सोडत नाही तो. खरंच सोडला नाही. त्याने बराच वेळ निरनिराळ्या बाजूंनी प्रयत्न केला.

जाताना चपला घालता घालता म्हणाला, आजोबांचा जुना लॅपटॉप आमच्या माळ्यावर आहे, दोन जीबीवाला, त्यावर चालेल का?

म्हटलं, धावेल. पेनड्राईव्ह घेऊन ये.