'शिक्का' लिहिलेलं वर्तुळ

मोडी वाचून देणं हा माझा धंदा. सदाशिव पेठेत एक खोली, एक टेबल, दोन भिंगं. 2023 पासून कुणबी नोंदींनी नुसता पूर आणलाय. आठ दिवसांचा वर्ग करून 'मोडीतज्ज्ञ' झालेलेही बाजारात बरेच आहेत. त्यांच्याबद्दल इथे नको. या वेळी चुकलो तो मीच.

सोलापूरकडचे बापलेक आले. मुलगा बसायच्या आधीच म्हणाला, "सर, नानासाहेब पेशव्यांनी आमच्या घराण्याला गाव इनाम दिलंय. ही सनद." वडील गप्प. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर झिजलेला.

मी आधी तारीख बघतो. शके 1681, प्रमाथी संवत्सर. सुहूर सन, म्हणजे अरबी शब्दांत लिहायचं साल: सितैन मया व अलफ, 1160. त्यात 599 मिळवले की 1759. शक, संवत्सर आणि सुहूर तिन्ही जुळले, असं बनावट कागदात सहसा होत नाही. बनवणारा संवत्सरात हमखास गडबडतो. मग कागद खिडकीसमोर धरला आणि हसूच आलं. गिरणीचा विलायती कागद, जलचिन्हात 1851. शिक्क्याच्या जागी शाईनं काढलेलं ओबडधोबड वर्तुळ.

"बनावट आहे," मी म्हणालो. वडिलांसमोर, दोन मिनिटांत. त्यांनी कागद आहे त्याच घडीवर मिटला. पैसे मी घेतले नाहीत, त्याचा मोठेपणाही मनात वाटून घेतला.

रात्री फोटो मोठा करून बघत होतो. वर्तुळात काहीतरी लिहिलेलं होतं: 'शिक्का'. बस, एवढंच. फसवायचंच असतं तर माणसानं खोटा शिक्का उठवला असता. 'इथे शिक्का आहे' असं कशाला लिहिलं असतं? मग वरच्या कोपऱ्यात 'श्री'चा फराटा समजून सोडलेलं अक्षर नीट लावलं. 'नक्कल'. म्हणजे मूळ सनदेवरून उतरवलेली प्रत.

1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ आलं आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना आपापले हक्क शाबीत करावे लागले. त्या धांदलीत गावोगाव नकला झाल्या. जलचिन्हातला 1851 त्या काळात चपखल बसतो. दुपारी तेच साल मी गुन्ह्याचा पुरावा धरलं होतं.

मग सबंध कागद लावला. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे 'निमे', म्हणजे अर्धा, या शब्दावर अर्धा तास गेला. गाव नव्हतंच. चावर निमे जमीन, म्हणजे साठ बिघे, आणि तीही देवाच्या दिवाबत्तीस. यांच्या पूर्वजाचं नाव होतं, पण दिवा लावणारा म्हणून.

सकाळी फोन केला, माफी मागितली. मुलगा म्हणाला, "म्हणजे खरं आहे ना?" मी सांगितलं, नक्कल त्या काळातली दिसते. मूळ सनद होती का, ते पेशवे दप्तरात रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, सोडून बघावं लागेल. मागून वडिलांचा आवाज आला, "दिव्याचं परत वाचा म्हणावं." मी परत वाचलं.

मुलाला भावकीच्या ग्रुपवर टाकायला काहीतरी लेखी हवं होतं. मी चार ओळी लिहून दिल्या: कागद जुनी नक्कल वाटतो, मूळ पाहिलेलं नाही, गाव नाही, साठ बिघे, देवासाठी.

संध्याकाळी त्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला. ग्रुपवर एकच ओळ होती: "पुण्याच्या तज्ज्ञांनी सांगितलं, कागद अस्सल आहे."