आमची वाटचाल: पानाच्या दरापासून दुधाच्या मेसेजपर्यंत

आम्ही डिझाइनचं काम करतो. आमच्या कोटेशनचे आजवर तीन अवतार झाले. पहिल्यात दर वेबसाइटच्या पानाला होता: होम पेजचे इतके, आतल्या पानाचे इतके, लोगो वेगळा. दुसऱ्यात तो कामाला आला, म्हणजे वापरणाऱ्याला जे उरकायचं असतं त्याला: नोंदणी, भरणा, तक्रार. तिसऱ्यात दर महिन्याचा आहे आणि स्क्रीन किती हे त्यात लिहिलेलंच नसतं. पहिलं ग्राफिक डिझाइन, दुसरं यूएक्स (युजर एक्सपिरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव), तिसरं प्रॉडक्ट डिझाइन. कोल्हापूर-सांगलीकडचा ग्राहक तिन्हीला 'डिझाइनचं काम' म्हणतो आणि तसं म्हणण्यात त्याचं काही चुकत नाही. पण कोटेशनवर चुकीचा शब्द पडला की त्याचे पैसे आणि आमचे दिवस दोन्ही वाया जातात.

शब्दांचा घोळ जुना आहे. डिझाइन शिकवणाऱ्या दोन जुन्या संस्था घ्या: अहमदाबादची एनआयडी १९६१ ची, मुंबई आयआयटीतली आयडीसी १९६९ ची. तिथल्या जुन्या भाषेत प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे हातात धरायची वस्तू: मिक्सर, खुर्ची, बॅग. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्याला 'आम्ही प्रॉडक्ट डिझाइन करतो' म्हटलं, तर तो कास्टिंगचं ड्रॉइंग पुढे सरकवतो. 'युजर एक्सपिरियन्स'चं उलटं झालं. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९९० च्या दशकात ॲपलमध्ये असताना हा शब्द रूढ केला तो मुद्दाम ऐसपैस: वस्तूचा आकार, स्क्रीन, हाताळणी, सोबतचं माहितीपुस्तक, सगळं त्यात धरून. बाजारात येता येता तो स्क्रीनपुरता आक्रसला आणि उरलेली जागा 'प्रॉडक्ट'नं घेतली.

व्याख्यांनी फरक कळत नाही, म्हणून आमच्या नेहमीच्या कामातलं एक उदाहरण घेतो. गावची दूध संस्था, सगळ्या संकलन केंद्रांचे मिळून ३०० उत्पादक, सकाळ-संध्याकाळ संकलन. सचिवासमोर संगणक, त्याला वजनकाटा आणि फॅटचं यंत्र जोडलेलं. दर फॅट आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), बिल दहा दिवसांनी, पशुखाद्य आणि उचल बिलातून कापून.

यूएक्स म्हणून हे काम आलं तर

प्रश्न एवढाच असतो: जे ठरलेलं आहे ते न अडखळता होतंय का? एका केंद्रावर सकाळच्या रांगेत ४० माणसं आणि वेळ दीड तास, म्हणजे माणशी सव्वादोन मिनिटं. दूध ओतणं, नमुना घेणं, यंत्रानं आकडा देणं यांतच बराचसा वेळ जातो. स्क्रीनच्या वाट्याला १५-२० सेकंद उरतात. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही संगणक उघडतच नाही. सकाळच्या संकलनाला जाऊन उभं राहतो आणि सचिवाचा हात कुठे थांबतो ते लिहून काढतो.

तिथे दिसतं ते ऑफिसात बसून सुचत नाही. ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून उत्पादकाचा नंबर टाकायला साधा नंबरपॅड लागतो आणि एंटर दाबलं की कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात जायला हवा. गाय की म्हैस, हा रकाना आधीच्या माणसाच्या नोंदीवर तसाच राहत असेल, तर गाईच्या मागून आलेलं म्हशीचं दूध गाईत चढतं आणि ते थेट बिलाच्या दिवशी कळतं. उपाय: दुधाचा प्रकार नंबरावरूनच यावा, दोन्ही दूध घालणाऱ्यांनाच तेवढं विचारावं. नावाचं तसंच. अर्ध्या गावाचं आडनाव एक असतं, त्यामुळे आडनाव आधी आणि पुढे आद्याक्षरं अशी यादी निरुपयोगी. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आडनाव शेवटी.

अक्षरांकडे बहुतेक जण कानाडोळा करतात. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या मापानं ठेवलेल्या ओळी एकमेकींत घुसतात. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवावी लागते. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं नाही, तर बरेच फाँट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात. फाँट घेण्याआधी आम्ही 'दुसऱ्या', 'तऱ्हा' आणि 'कार्य' टाकून बघतो. 'ऱ्या' नीट उमटला नाही की फाँट बाद.

मग चाचणी. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांचा हिशेब प्रसिद्ध आहे: पाच माणसांत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. तो एका प्रकारच्या माणसांपुरता खरा. इथे सचिव, उत्पादक आणि हिशेब तपासणारा असे तीन प्रकार आहेत. पाच जणांत तिघांची खिचडी केली तर कुणाचंच धड कळत नाही. आणि 'आवडलं का?' कधी विचारू नये. घरी आलेल्या माणसाच्या कामाला आपल्याकडे कुणी तोंडावर नावं ठेवत नाही. 'छान केलंय' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी फोन हातात द्यायचा आणि म्हणायचं, "मामा, मंगळवारी संध्याकाळी तुमच्या दुधाला फॅट किती लागलं, तेवढं काढून दाखवा." आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं नव्या मुलांना सगळ्यात अवघड जातं. दहाव्या सेकंदाला त्यांचं बोट स्क्रीनकडे जातंच.

चाचणीच्या दोन फेऱ्या झाल्या, दुरुस्त्या झाल्या, बनवणाऱ्यांना मापं आणि मजकूर देऊन झाला की यूएक्सचं काम संपतं. साधारण पाच ते सहा आठवडे.

प्रॉडक्ट म्हणून आलं तर

इथे आधी विचारायचं ते असं: हे करायचंच का, पैसे कोण देणार, आणि रोज चालवायला किती लागणार?

संस्थेची मागणी बहुधा 'उत्पादकांसाठी ॲप' अशी असते. उत्पादकाला हवं असतं दोनच गोष्टींचं उत्तर: आज किती लागलं आणि पैसे कधी येणार. एवढ्यासाठी ॲप उतरवून घेणं, पासवर्ड लक्षात ठेवणं कोण करेल? एसएमएस पुरतो. मग एसएमएसचा हिशेब मांडू. ३०० उत्पादक, दिवसाला दोन मेसेज, म्हणजे ६००, महिन्याला १८,०००. मेसेजला १५ पैसे धरले तर २,७०० रुपये.

आता मजकूर बघा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. आमचा नमुना असा:

सकाळ गाय ८.२ ली. फॅट ३.६ एसएनएफ ८.४ दर ३४.२० रु. २८०.४४

मोकळ्या जागा धरून ही ५५ अक्षरं. (प्रत्यक्ष मेसेजमध्ये अंक यंत्रावर दिसतात तसे इंग्रजी ठेवतो, मोजणीत फरक पडत नाही.) उरली १५. त्यात संस्थेचं आखूड नाव बसतं. कुणीतरी संचालक म्हणतातच, 'सुरुवातीला "आपले दूध जमा झाले" घाला की, बरं दिसतं.' त्याची अक्षरं १७, मधली जागा १, आधीची ५५ धरून बेरीज ७३. सत्तरी ओलांडली की एका मेसेजचे दोन धरले जातात आणि २,७०० चे ५,४०० होतात. सौजन्याचे महिन्याला २,७०० रुपये!

इथवर यूएक्स आणि प्रॉडक्ट एका बाजूला असतात, कारण कामाचा आकडा आधी दिसावा हे दोघांनाही हवं असतं. खटका पुढे उडतो. काटा किलो दाखवतो, बिल लिटरवर होतं. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. काट्यावर ८.४५ दिसलेल्या माणसाला मेसेजमध्ये ८.२ दिसतात आणि तो विचारतो, "पाव लिटर कुठं मुरलं?" यूएक्सचं म्हणणं, दोन्ही आकडे द्या. 'काटा ८.४५' घातलं की मजकूर ६५ वर जातो. उरलेल्या पाचात संस्थेचं नाव बसत नाही आणि निनावी मेसेजवर कुणी भरवसा ठेवत नाही. हा तिढा स्क्रीनवर सुटत नाही. किलो आणि लिटर दोन्ही छापील पावतीवर, मेसेजमध्ये फक्त लिटर, आणि काट्याशेजारच्या भिंतीवर किलो-लिटरचा लॅमिनेट केलेला तक्ता, अक्षरं चार हातांवरून वाचता येतील एवढी. त्या तक्त्याला कोटेशनमध्ये वेगळी ओळ नसते, पण वादाच्या जागी तोच उपयोगी पडतो.

मजकूर लवकर पक्का करण्याचं आणखी एक कारण. व्यावसायिक मेसेजचा साचा डीएलटी यंत्रणेत (दूरसंचार कंपन्यांकडची मेसेज-नोंदणी) आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एक शब्द बदलला तरी पुन्हा मंजुरी. यूएक्सच्या कामात आम्ही शब्द शेवटपर्यंत घासत बसायचो. प्रॉडक्टच्या कामात मेसेजचे शब्द दुसऱ्या आठवड्यात ठरतात, उरलेली स्क्रीन मागून येते.

दुसरी गोष्ट फॅटच्या आकड्याची. उत्पादकाकडे तोंड केलेला छोटा डिस्प्ले लावायचा असेल, तर अंक किती मोठा, कोणत्या रंगाचा, पहाटेच्या उजेडात वाचता येतो का, हे यूएक्स सांगेल. पण तो आकडा दूध कॅनमध्ये ओतायच्या आधी दाखवायचा की नंतर? आधी दाखवला तर उत्पादक म्हणू शकतो, 'पुन्हा लावा' किंवा 'दूध परत द्या'. रांग लांबते आणि सचिवाचा अधिकार कमी होतो. नंतर दाखवला तर डिस्प्ले नुसता शोभेचा. हा निर्णय संचालक मंडळाच्या ठरावाचा आहे आणि तो होईपर्यंत आम्ही डिस्प्लेचं चित्र काढत नाही. काढलं की मंडळ रंगावर चर्चा करतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. आमचं मत विचाराल तर आधीच दाखवावा, आणि फेरतपासणी एकदाच, असा नियम भिंतीवर लिहावा.

दर बदलाचंही असंच. गाईच्या दुधाचा दर बहुतेकदा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून जाहीर होतो, त्यावर-खाली दरपत्रक चालतं. नवं दरपत्रक मध्येच, बिलाच्या दहा दिवसांच्या आत लागू झालं तर जुन्या नोंदी जुन्याच दरानं राहिल्या पाहिजेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं दर एकाच जागी ठेवला असेल तर तो बदलताच मागच्या सगळ्या पावत्या बदलतात. म्हणून प्रत्येक दरपत्रकाला 'कोणत्या तारखेच्या कोणत्या वेळेपासून' हे आम्ही आधीच लिहून देतो; सकाळ आणि संध्याकाळ वेगळी धरतो.

कोटेशनवर काय लिहितो

यूएक्सच्या कोटेशनवर कामांची यादी, चाचणीच्या दोन फेऱ्या, पंधरा माणसं आणि शेवटची तारीख. समोर बसणारा माणूस सॉफ्टवेअर बनवणारा किंवा त्याचा मॅनेजर असला तरी चालतं. प्रॉडक्टच्या कोटेशनवर किमान सहा महिने आणि एक अट: ज्याला 'नको' म्हणायचा अधिकार आहे तो माणूस दर पंधरवड्याला एक तास आमच्यासोबत बसेल. तो मिळत नसेल तर आम्ही कोटेशन यूएक्सचंच देतो, कारण निर्णय घेणारा नसेल तर प्रॉडक्टचं काम महिन्याभरात स्क्रीन रंगवण्यावर येतं आणि बिल मात्र प्रॉडक्टचं राहतं.

सुरू झाल्यावर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन आकडे बघतो: बिलाच्या दिवशी आलेल्या तक्रारी, न पोचलेले मेसेज आणि हातानं दुरुस्त केलेल्या नोंदी. तिसरा आकडा एकदम वाढला तर स्क्रीनला हात लावायच्या आधी फॅट यंत्राची संगणकाला जाणारी केबल तपासायला सांगतो. बऱ्याचदा ती ढिली झालेली असते आणि सचिव आकडा डोळ्यांनी वाचून टाकत असतो.