पेटी, 15 किलो आणि नुकसानभरपाईचा अर्ज

मी हार्मोनियमची साथ करते. माझी पेटी स्केल चेंजर आहे, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी; ती नुसतीच बारा किलोच्या आसपास भरते. विमानात टाकायची तर फायबरची कडक केस हवीच, ती आणखी सहा-सात किलो. म्हणजे एकही साडी न भरता मी अठराच्या पुढे असते, आणि देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर फुकट नेता येतात 15 किलो. वाद्य हलकं करता येत नाही. कपडे कमी करता येतात, तेवढे मी कधीच कमी केलेत.

गेल्या हिवाळ्यात कोलकात्याला एका गायिकेबरोबर मैफिलीला जायचं होतं. आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याहून हावडा तीस तासांच्या वर लागतात, पण थ्री टायर एसीत 40 किलो सामान विनाशुल्क नेता येतं आणि पेटी आपल्या नजरेसमोर बर्थखाली राहते. पूर्वी आम्ही असेच जायचो. आता आदल्या दिवशी नाशिक आणि दुसऱ्या दिवशी कोलकाता अशा तारखा असतात, त्यामुळे विमान टळत नाही.

तिकिटं आयोजकांच्या एजंटाने ग्रुप बुकिंगमध्ये काढली होती. निघायच्या दोन दिवस आधी जादा वजन आगाऊ विकत घ्यायला बसले, तर त्या बुकिंगवर वेबसाइट तो पर्यायच उघडेना. कॉल सेंटरने एजंटाकडे पाठवलं, एजंट म्हणाला, “एअरपोर्टवरच भरा मॅडम, तिथे होऊन जाईल.” आगाऊ घेतलेला किलो आणि काउंटरवर घेतलेला किलो यांच्या दरात बराच फरक असतो. विमानाला त्या वजनाने पडणारा भार मात्र तेवढाच असतो.

लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, काट्यावर पेटी 18.6 आणि बॅग 6 भरली. काउंटरवरच्या मुलाने 10 किलो जादा धरले. किलोमागे साडेपाचशे, म्हणजे साडेपाच हजार. माझ्या त्या मैफिलीच्या मानधनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच गेला. तबल्याचे दादा शेजारच्या रांगेत होते. त्यांची तबला सुरात लावायची हातोडी हँडबॅगेत चालत नाही, डग्गा केबिनच्या मापात बसत नाही, त्यामुळे त्यांनाही भुर्दंड पडलाच. पैसे भरायला दुसऱ्या खिडकीवर जायचं, पावती घेऊन परत रांगेत यायचं, मग बोर्डिंग पास. एवढं सगळं गायिकाताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्याकडे एक शाल आणि मोबाइलमधला तंबोरा. त्यांनी अर्धे पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत, कारण हा खर्च आम्ही दोघींनी आपसात वाटून घ्यायचा नाहीच, तो कार्यक्रमाचा खर्च आहे.

पैसे भरून झाल्यावर मुलाने एक टॅग पुढे केला आणि म्हणाला, “इथे सही करा.” तो लिमिटेड रिलीज टॅग होता. नाजूक सामान, आधीच तुटलेलं किंवा नीट न बांधलेलं सामान असलं की विमान कंपन्या तो लावतात. अर्थ असा, की वाटेत काही झालं तर जबाबदारी मर्यादित. मी विचारलं, “जादा पैसे भरलेत, तरी जबाबदारी माझीच?” तो म्हणाला, “सही नसेल तर घेता येणार नाही.” त्या मुलावर माझा राग नाही, नियम त्याने केलेला नाही. पण साडेपाच हजार घेऊन वस्तू ताब्यात घेताना ‘तुटली तर आम्ही नाही’ असं लिहून घेणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

माझ्या गुरुजींची एक शिस्त मी पाळते: पेटी दुसऱ्याच्या हातात देण्याआधी फोटो. केस उघडी असताना आतली पेटी, भाता, पट्ट्या, मग बंद केस चारही बाजूंनी, आणि काट्यावरचा आकडा. त्या दिवशीही काढले. पुढचं सगळं त्या फोटोंवर तरलं.

कोलकात्याला पेटी बेल्टवरून आडवी आली, केसचा एक कोपरा चिरलेला. मी तिथेच, बेल्टशेजारी, जमिनीवर बसून केस उघडली. भात्याची एक घडी बिजागरीजवळ उचकटली होती. आतली सुरांची फळी जागची सरकली होती. खर्जातले दोन सूर दाबले की नुसती हवा फुसफुसायची. दादा म्हणाले, “आधी डेस्कवर चल, बाहेर पडू नकोस.” ते अगदी बरोबर होतं. आगमन कक्षातून बाहेर पडण्याआधी सामानाच्या डेस्कवर ‘प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट’, म्हणजे सामानाच्या नुकसानीची नोंद, लिहून घ्यायचा असतो. नंतर तक्रार केली तर नुकसान विमानातच झालं हे सिद्ध करणं फार अवघड होतं. डेस्कवरच्या बाईंनी केसच्या चिरेची नोंद केली, आतल्या भात्याची करायला तयार नव्हत्या. मी भाता ओढून दाखवला, दोन्ही सूर दाबून दाखवले. शेवटी त्यांनी ‘आतील वाद्यास नुकसान’ एवढं तरी लिहिलं. त्या एका ओळीसाठी पाऊण तास गेला.

मैफल मी आयोजकांनी कुठून तरी मिळवलेल्या पेटीवर निभावली. त्या पेटीबद्दल बोलत नाही, ज्यांनी दिली त्यांचे उपकार आहेत.

पुण्यात परतल्यावर आमच्या दुरुस्तीवाल्या काकांनी पेटी उघडली, भात्याला नवी कातडी पट्टी लावली, फळी बसवली, सूर पुन्हा लावले. पक्कं बिल मागितलं तर ते हसले, त्यांच्याकडे असं कोणी मागत नाही. तरीही त्यांनी लेटरहेडवर काय तुटलं, कशामुळे तुटलं असेल आणि किती खर्च आला ते लिहून दिलं. नुकसानीचा लेखी दावा सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत पोचावा लागतो, म्हणून मी फोनवर वेळ न घालवता थेट ईमेल केला: रिपोर्टचा क्रमांक, बॅगेज टॅग, जादा वजनाची पावती, फोटो आणि बिल.

पहिलं उत्तर आलं ते ठरावीक साच्यातलं. टॅगवर आपली सही आहे, सबब क्षमस्व. तेव्हा मी नियम वाचायला बसले, आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळलं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2016 मध्ये 15 ते 20 किलोच्या टप्प्यासाठी किलोमागे 100 रुपयांची मर्यादा घातली होती. विमान कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 2017 मध्ये ती मर्यादा रद्द झाली. त्यानंतर काउंटरचे दर वाढतच गेले. एअर इंडियात पूर्वी 25 किलो नेता यायचे. आम्ही वादक आयोजकांना मुद्दाम तीच फ्लाइट काढा म्हणून सांगायचो. मे 2024 मध्ये तिथेही सर्वांत स्वस्त भाड्यावर 15 किलो झाले. त्याच सुमारास महासंचालनालयाचं परिपत्रक आलं. तिकिटापासून वेगळ्या करून ज्यांचे स्वतंत्र पैसे लावता येतील अशा सेवांची त्यात यादी आहे: आवडीची सीट, जेवण, लाउंज, चेक-इन सामान, खेळाचं साहित्य, आणि वाद्य. होय, वाद्य वेगळं नमूद केलेलं आहे. अमेरिकेत 2012 च्या कायद्याने आणि 2015 पासून लागू झालेल्या नियमाने, जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यायचं बंधन विमान कंपन्यांवर आहे. तिथेही मोठ्या वाद्याला वेगळी सीट विकत घ्यावी लागते, पण निदान वादकाच्या हातात दाखवायला एक कागद असतो.

प्रवासी सनदेप्रमाणे, म्हणजे विमान प्रवाशांच्या हक्कांच्या सरकारी पत्रकाप्रमाणे, देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, फुटलं तर भरपाईची कमाल मर्यादा 20,000 रुपये आहे. चांगल्या स्केल चेंजरची किंमत त्याच्या कितीतरी पट. सामानाची किंमत आधीच जाहीर करून त्याचं शुल्क भरण्याची सोयही परिपत्रकाच्या त्या यादीतच आहे, पण मी काउंटरवर विचारलं तेव्हा कोणालाच ती माहीत नव्हती.

मग दुसरा ईमेल लिहिला. त्यात रडगाणं गायलं नाही. चेक-इनच्या वेळी पेटी शाबूत असल्याचा फोटो, वेळेसकट. बेल्टवरचा फोटो. तुमच्याच डेस्कने लिहिलेली ओळ. केस कडक, कुलूपबंद. म्हणजे ‘नीट न बांधलेलं’ हे कारण लागू नाही. आणि वाद्य म्हणून जादा वजनाचे पैसे घेतल्याची पावती. हीच तक्रार मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवरही टाकली. दुसऱ्या ईमेलचं उत्तर आधी आलं नाही. एअरसेवावर नोंद झाल्यावर मात्र कंपनीकडून फोन आला. बरीच घासाघीस होऊन दुरुस्तीचं पूर्ण बिल मिळालं. फुटलेल्या केसचे पैसे नाहीत, जादा वजनाचे तर नाहीतच. ग्राहक आयोगात जायचा विचार केला होता, पण तारखा आणि दौरे यांचा मेळ बसेना.

नोव्हेंबर 2025 मध्ये तिकीटदरांतले चढउतार आणि विनाशुल्क सामानाची घटवलेली मर्यादा यांवरच्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. माझं म्हणणं एवढंच आहे, की वजनाचे पैसे घ्यायचे तर त्या वजनाची जबाबदारीही घ्या. आजच्या व्यवहारात पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. आणि याचा फटका सुट्टीला निघालेल्या माणसापेक्षा ज्याचं पोटच त्या वजनावर आहे त्याला जास्त बसतो.

माझ्या शिष्यांना एक सांगते: तुम्ही विद्यार्थी असाल आणि ओळखपत्र असेल, तर विद्यार्थी भाड्यावर बऱ्याच कंपन्या 10 किलो जादा देतात. सतार-तंबोऱ्याचे विद्यार्थी हे विचारतच नाहीत. आणि सगळ्या साथीदारांची तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असली, तर सामानाचं वजन सहसा एकत्र धरता येतं. गायिकाताईंचे उरलेले किलो पेटीला मिळतात. काही कंपन्या 15 किलो एकाच नगात मागतात, तेही आधी विचारून घ्या.

हे आता मी आयोजकांना पाठवायच्या पत्रातच घातलंय. तारीख, मानधन, मुक्काम, आणि त्याखाली: ‘हार्मोनियमसह एकूण 25 किलो सामानाची सोय तिकिटातच करावी, सर्व कलाकारांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढावीत, जादा वजनाचा खर्च मानधनाव्यतिरिक्त द्यावा.’ काही आयोजक कुरकुर करतात. बहुतेक जण मान्य करतात, कारण त्यांना हे कोणी आधी लिहून सांगितलेलंच नव्हतं.