घरी बॅटिंगची सोय केली त्याची गोष्ट: टी, नेट आणि न घेतलेलं मशीन

पोरगा दहा वर्षांचा, बेसबॉलचं वेड लागलेलं, पण टीमच्या प्रॅक्टिसला त्याच्या वाट्याला मोजकेच बॉल येतात, बाकीचा वेळ रांगेत उभं राहायचं नाहीतर लांब कुठेतरी फिल्डिंग करायची. म्हणून घरीच काहीतरी सोय करू म्हटलं आणि शोधायला बसले तर डोकंच चक्रावलं. टी, नेट, दोरीला बांधलेला बॉल, स्विंगचा, म्हणजे बॅट फिरवण्याचा, वेग मोजणारं यंत्र, बॉल फेकणारं पिचिंग मशीन, आणि विकणाऱ्याचं ऐकाल तर प्रत्येक वस्तू सगळ्यात गरजेची! शेवटी कोचना विचारलं. ते म्हणाले आधी टी घ्या, मग नेट, बाकीचं नंतर बघू. आता बऱ्यापैकी बस्तान बसलंय तर सांगते, ते बरोबरच बोलले.

टी म्हणजे बॉल ठेवायचा दांडा, उंची कमीजास्त होते. ह्यात बघायच्या गोष्टी दोनच. एक म्हणजे बूड जड पाहिजे, हलक्या टीला जरा बॅट लागली की आडवी, मग अर्धा वेळ ती उभी करण्यात जातो आणि पोराचा मूड जातो तो वेगळाच. दुसरं, टी किती खाली येते ते बघा. सगळे उंची किती वाढते ते विचारतात, पण लहान मुलाच्या गुडघ्याएवढी खाली आलीच नाही तर खालच्या बॉलची प्रॅक्टिस होणार कशी?

आणि टी ठेवायची कुठे, खरी मेख इथे आहे. होम प्लेट, म्हणजे जिच्या शेजारी उभं राहून बॅटिंग करतात ती जमिनीवरची पाटी, 17 इंच रुंद असते, तिच्या बरोबर मध्यावर टी ठेवली आणि पोरगं शेजारी उभं राहिलं की बॉल येतो त्याच्या पोटासमोर, मग हात आखडून मारायची सवय लागते. मॅचमध्ये मधला बॉल शरीराच्या पुढे, पुढच्या पायाच्या आसपास भेटतो, अंगाजवळून येणारा त्याहून पुढे आणि बाहेरचा थोडा मागे. म्हणून आम्ही प्लेट म्हणून रबराचा एक तुकडा टाकतो, पोरगा त्याच्या हिशोबाने उभा राहतो आणि टी मी हलवते. सगळे बॉल एकाच जागी ठेवून मारले तर मारायला मजा येते, पण मॅचमध्ये उपयोग फारसा नाही.

नेट 7 बाय 7 फुटांचं घेतलं, लहान मुलाला पुरतं. ते ताणून बांधायचा मोह आवरा, ताणलेल्या जाळीवरून बॉल उलटा अंगावर येतो. जरा सैल ठेवलं की बॉल जाळीत शिरतो, क्षणभर पोटासारखी फुगवटी येते आणि तिथेच खाली पडतो, मग गोळा करायलाही सोपं. भिंतीला चिकटून लावू नका, मागे मोकळी जागा हवी. पुढच्या पाईपला फोमचं वेष्टण केलंय कारण पाईपला लागून उडालेला बॉल कुठे जाईल ह्याचा नेम नाही, हेल्मेट तर घरीही सक्तीचं. जाळीवर टीच्या उंचीपेक्षा थोडी वर एक रंगीत चिकटपट्टी लावलीय, तिच्या आसपास लागला तर लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ सपाट जोरदार फटका, फार वर गेला तर सोपा कॅच. त्याला आता मला विचारावं लागत नाही, स्वतःच बघतो आणि स्वतःवरच वैतागतो.

पण टीवर बॉल हलत नाही ना, टायमिंग कसं येणार? इथे सगळ्यांना मशीन आठवतं, मलाही आठवलं. एका ओळखीच्यांकडचं काही दिवस वापरायला मिळालं. एकसारखे बॉल, पोरगा खूश, धडाधड मारतोय, आणि मॅचमध्ये परत लवकर स्विंग. का, तर मशीनला हात नसतो. पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, पाय उचलणं, हात मागे जाणं, बॉल सुटणं, बॅटर ह्यावरून टायमिंग जुळवतो, आणि मशीनमधून बॉल अचानक बाहेर पडतो. शिवाय मशीनचे खळगेवाले कडक बॉल कंपोझिट (कार्बन फायबरसारख्या मिश्र साहित्याच्या) बॅटने मारू नका, बॅटला तडा जाऊ शकतो.

मग मीच पिचर झाले. आता गणित बघा, मला हे फार आवडलं. लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या सामन्यांत, ह्या वयाला पिचर 46 फुटांवर असतो. ताशी 45 मैल वेगाचा बॉल तेवढं अंतर साधारण 0.7 सेकंदात कापतो. मी 20 फुटांवरून खालून हाताने ताशी 20 मैलाच्या आसपास टाकला तरी जवळपास तेवढाच वेळ लागतो! म्हणजे खांदा मोडून न घेता पोराला मॅचएवढाच वेळ मिळतो. आधी तो कुरकुरला, "आई, तू किती हळू टाकतेस," पण स्विंग उशिरा व्हायला लागला तसा गप्प झाला. खरा बॉल जवळजवळ 145 ग्रॅमचा असतो, लागला तर हसू येत नाही, तेव्हा समोरून टाकायचं असेल तर बॉल टाकणाऱ्याला आडोसा देणारी एल आकाराची जाळी हवीच आणि बॉल सुटला की लगेच तिच्या आड. ती जाळी नसेल तर भोकवाले प्लॅस्टिकचे बॉल वापरा. त्यातलाच प्रसिद्ध विफल (Wiffle) बॉल तर 1953 मध्ये कनेक्टिकटच्या डेव्हिड मुलानींनी आपल्या मुलासाठीच बनवला होता, एका अर्ध्या भागाला 8 भोकं, त्यामुळे जोर न लावता वळतो. काचाही फुटत नाहीत आणि शेजारीही बोलत नाहीत (मेटल बॅटचा टणटण आवाज सकाळी सगळ्यांना ऐकू जातो, विचारू नका).

बॅटचं म्हणाल तर घरी आणि मॅचला एकच. 28 इंच, 18 औंस, म्हणजे उणे 10 वाली (औंसातून इंच वजा केले की उणे 10). लिटल लीगमध्ये ह्या वयाला 2018 पासून बॅटवर यूएसए बेसबॉल ह्या संस्थेच्या मानकाचा शिक्का लागतो, तेव्हा कुणी जुनी बॅट दिली तर आधी शिक्का बघा.

सध्या आमचा क्रम असा, थोडे बॉल टीवर जागा बदलत, मग माझे समोरून, त्यातच एखादा मुद्दाम हळू. तो हळू बॉल अजून त्याला फसवतो. जाळी मात्र दर महिन्याला हात फिरवून बघते, मधल्या गाठी आधी झिजतात, प्लॅस्टिकच्या झिप टायने बांधल्या की बराच काळ चालतात, आणि नेट उन्हात कायमचं सोडू नका, दोरा कुजतो.